दूरदेशीच्या आया

हाँगकाँगच्या मध्यवर्ती भागातील चेटर रोड हा रस्ता रविवारी सकाळी वाहनांना बंद होतो. आठवड्याचे इतर दिवस ज्या रस्त्यावरून बँकांचे अधिकारी, वकील आणि व्यापारी लगबगीने जा-ये करीत असतात, त्याच रस्त्यावर त्या दिवशी स्त्रियांचे थवेच्या थवे येऊ लागतात. पुठ्ठ्याची खोकी उलगडून जमिनीवर अंथरली जातात. पादत्राणे काढून कडेला नीट ओळीने मांडली जातात. डब्यांतून भात आणि तळलेली मासळी बाहेर निघते. कोणी पत्ते खेळते, कोणी मैत्रिणीचे केस कापून देते, कोणी नखे रंगवून घेते, तर कोणी एका भल्यामोठ्या खोक्यात साबण, टॉवेल, चॉकलेटे आणि लहान मुलांचे बूट दाबदाबून भरीत बसलेली असते. हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या उंच इमारतीखालचा मोकळा चौकही भरून जातो. गार्डन रोडवरील सेंट जोसेफ चर्चमध्ये प्रार्थनेला उभे राहावयास जागा उरत नाही. परक्या माणसाला पाहताक्षणी ही जत्रा वाटावी. पण जत्रेला आलेली माणसे संध्याकाळी आपल्या घरी परततात, आणि ह्या स्त्रिया परततात त्या दुसऱ्याच्या घरी.

त्या रस्त्यावर बसतात ह्याचे कारण साधे आहे. त्यांना त्या शहरात स्वतःची खोली नाही. हाँगकाँगच्या नियमानुसार परदेशातून आलेल्या गृहसेविकेने मालकाच्याच घरात राहिले पाहिजे. करार दोन वर्षांचा. आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी, आणि ती बहुधा रविवारी. नोकरी सुटली, तर १९८७ सालापासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे तिने दोन आठवड्यांत शहर सोडावयाचे असते. २०११ साली हाँगकाँगने सर्व कामगारांसाठी किमान वेतनाचा कायदा अमलात आणला, परंतु मालकाच्या घरी राहणाऱ्या सेवकांना त्यातून वगळले. त्यांच्यासाठी वेगळा, बराच कमी दर ठरविण्यात येतो. २०२४ च्या सप्टेंबरात तो महिना ४,९९० हाँगकाँग डॉलर, म्हणजे आपल्या पन्नास हजार रुपयांहून थोडा अधिक होता. इतर परदेशी मनुष्य तेथे सात वर्षे राहिला की त्याला कायम वास्तव्याचा हक्क मागता येतो. घरकाम करणारीला मात्र वीस वर्षांनंतरही तो मिळत नाही. १९८६ पासून तेथे राहिलेल्या एका फिलिपिनो बाईने हा प्रश्न न्यायालयात नेला, आणि २०१३ च्या मार्चमध्ये तेथील अंतिम न्यायालयाने तिच्या विरुद्ध निकाल दिला. २०२३ च्या अखेरीस ह्या एका शहरात साडेतीन लाखांच्या आसपास परदेशी गृहसेविका होत्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक फिलिपीन्सच्या होत्या.

फिलिपीन्सचे नाव मराठी श्रोत्यांना परके नाही. विनोबांना १९५८ साली, चिंतामणराव देशमुखांना १९५९ साली, पुढे बाबा आमट्यांना १९८५ साली जो मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो ह्याच देशाच्या एका राष्ट्राध्यक्षाच्या नावाने मनिला शहरात दिला जातो. पण आपला ह्या देशाशी परिचय बहुधा तेवढ्यावरच थांबतो. साडेसात हजारांहून अधिक लहानमोठ्या बेटांचा, अकरा कोटींच्या घरात लोकसंख्या असलेला हा देश. तीनशेहून अधिक वर्षे स्पेनची सत्ता आणि १८९८ पासून जवळजवळ अर्धशतक अमेरिकेची सत्ता त्याने भोगली. पहिलीने त्याला कॅथॉलिक धर्म दिला, दुसरीने इंग्रजी शाळा दिल्या. आज जगाच्या बाजारात फिलिपिनो स्त्रीला जी मागणी आहे, तिची मुळे ह्या दोन देणग्यांत बऱ्याच अंशी सापडतात.

प्रारंभी देश सोडला तो पुरुषांनी. १९०६ च्या डिसेंबरात पंधरा फिलिपिनो मजूर हवाई बेटांवरील उसाच्या मळ्यांत कामासाठी उतरले, आणि त्यांच्यामागून हजारो गेले. त्याच वर्षी फिलिपीन्समध्ये इलोइलो येथील मिशन रुग्णालयात परिचारिकांची पहिली शाळा निघाली. त्या वेळी ह्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे कोणाला वाटले नसेल. परंतु त्या शाळेत आणि तिच्यामागून निघालेल्या शाळांत मुली अमेरिकन पद्धतीने, इंग्रजी भाषेतून शिकल्या, आणि १९४८ साली अमेरिकेने परदेशी अभ्यागतांच्या देवघेवीची योजना काढली तेव्हा ह्याच मुली बॅगा भरून निघाल्या. योजनेचा हेतू दोन वर्षे शिकून परत जाण्याचा होता. पण परिचारिकांची टंचाई असलेल्या रुग्णालयांनी त्यांना कामालाच जुंपले. १९६५ साली अमेरिकेचा प्रवेशविषयक कायदा बदलला आणि त्यांना तेथे स्थायिक होण्याची वाट मोकळी झाली. घरातून एकटी मुलगी समुद्रापार जाते, पैसे पाठविते, धाकट्या भावंडांना शिकविते, हे चित्र फिलिपिनो कुटुंबांच्या परिचयाचे झाले ते तेव्हापासून.

पुढे ह्या वाटेचा राजमार्ग सरकारने केला. १ मे १९७४ रोजी फर्डिनांड मार्कोस ह्यांच्या राजवटीत नवी कामगार संहिता जाहीर झाली, आणि परदेशी नोकरीचे काम पाहणारी सरकारी मंडळे तिने स्थापन केली. आदल्या वर्षी तेलाच्या किमती भडकल्या होत्या. फिलिपीन्सला तेल विकत घेणे जड जात होते, तर आखाती देशांत त्याच तेलाच्या पैशाने रस्ते, बंदरे आणि राजवाडे उभे राहत होते. येथे हात रिकामे आणि तेथे हातांची गरज, असा हा सरळ हिशेब होता. संहितेच्या कर्त्यांना ही व्यवस्था तात्पुरती वाटत होती. देशात कारखाने निघतील, काम मिळेल आणि माणसे परततील, अशी अपेक्षा होती. राज्यकारभारात तात्पुरती म्हणून सुरू केलेली गोष्ट सर्वांत दीर्घायुषी ठरते, ह्या अनुभवाला हीही गोष्ट अपवाद ठरली नाही. १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोस देश सोडून पळाले, तेव्हा देशावर सुमारे २६ अब्ज डॉलरचे परकीय कर्ज होते. ते फेडावयाचे तर परकीय चलन हवे, आणि चलन हवे तर माणसे बाहेर पाठविणे भाग होते.

आखातातील बांधकामे ओसरू लागली तशी पुरुषांची मागणी घटली. पण सिंगापूर, हाँगकाँग, कुवेत, रियाध, रोम, मिलान येथील घरांत वेगळीच गरज निर्माण झाली होती. तेथील सुशिक्षित स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडल्या होत्या. मुलांकडे कोण पाहणार, म्हाताऱ्या सासूला औषध कोण देणार? त्या घरांतील पुरुषांनी हे काम आपले मानले नाही, सरकारांनीही मानले नाही. ते फिलिपिनो स्त्रीच्या वाट्याला आले. तिला इंग्रजी येत होते, ती शाळा-कॉलेज शिकलेली होती, आणि तिच्या देशाचे सरकार तिचे कागदपत्र तयार करून देत होते. २०२३ च्या शासकीय पाहणीनुसार परदेशी काम करणाऱ्या फिलिपिनोंची संख्या सुमारे २१ लाख ६० हजार होती, आणि त्यांत शंभरांमागे पंचावन्न-छप्पन स्त्रिया होत्या.

ह्या स्त्रिया देशातील अगदी दरिद्री थरातून येतात, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. अतिदरिद्री स्त्रीला दलालाला द्यावयाचे पैसे, वैद्यकीय तपासणी, पारपत्र, प्रवास हा खर्च झेपतच नाही. जाते ती बहुधा शिक्षिका, कारकून, दुकानातील विक्रेती किंवा लहान शेतकऱ्याची शिकलेली मुलगी. गावच्या शाळेत मुलांना गणित शिकविणारी बाई हाँगकाँगला जाऊन दुसऱ्याची फरशी पुसते, कारण फरशी पुसण्याचा मोबदला गणित शिकविण्याच्या मोबदल्याच्या कितीतरी पट असतो. परदेशात पाऊल ठेवल्याबरोबर तिचे उत्पन्न वाढते आणि त्याच क्षणी तिचा दर्जा उतरतो. घरी पाठविलेल्या छायाचित्रांत ती समुद्रकाठी, बागेत, उंच इमारतींसमोर हसत उभी असते. स्वयंपाकघरातले छायाचित्र ती सहसा पाठवीत नाही.

जाण्यामागे केवळ पैसा असतो असेही नाही. फिलिपिनो घरात थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. आपल्याकडील ताईपेक्षा ह्या शब्दावर अधिक भार आहे. भावंडांचे शिक्षण, आईबापांचे आजारपण, गहाण पडलेली जमीन ही सारी आतेची जबाबदारी समजली जाते. उपकाराचे जे ऋण मनाने फेडीत राहावयाचे, त्याला त्या भाषेत 'उतांग ना लोओब' असे नाव आहे. ते ऋण जन्मभर फिटत नाही असे मानतात. दुसरे कारण उघड बोलले जात नाही. मुसलमान समाजाचा अपवाद सोडल्यास त्या देशात घटस्फोटाचा कायदा नाही. जगात व्हॅटिकन वगळता असा दुसरा देश नाही. मारहाण करणाऱ्या किंवा दुसरे घर केलेल्या नवऱ्यापासून सुटण्याचा अब्रूदार मार्ग म्हणजे परदेशची नोकरी. अशा बाईला कोणी टाकलेली म्हणत नाही. ती पोरांसाठी कष्ट उपसते आहे, असेच सारे म्हणतात. र्‍हासेल पारेन्यास ह्या समाजशास्त्रज्ञ विदुषीने रोम आणि लॉस एंजेलिस येथील फिलिपिनो गृहसेविकांच्या मुलाखती घेऊन २००१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात असे अनेक संसार उघडे झाले आहेत.

मराठीत 'आया' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. आई ह्या शब्दाचे ते अनेकवचन, आणि पोर्तुगीजांकडून आलेला, मूल सांभाळणाऱ्या बाईचा वाचकही तोच. फिलिपीन्समध्ये अशा बाईला 'याया' म्हणतात. मराठी भाषेत केवळ योगायोगाने एकत्र आलेले हे दोन अर्थ फिलिपिनो स्त्रीच्या आयुष्यात अक्षरशः एका देहात येऊन बसले आहेत. ती दुसऱ्याच्या मुलाची आया होते, कारण ती स्वतःच्या मुलांची आई आहे. आणि तिची मुले? त्यांना सांभाळावयास ती आपल्या पगारातून गावाकडची एखादी बाई ठेवते. त्या बाईचीही मुले असतात, आणि ती तिची थोरली मुलगी किंवा म्हातारी आई पाहते. माया अशी एका घरातून निघून वरच्या घराकडे वाहत जाते, आणि साखळीच्या शेवटच्या कडीतील मुलाजवळ कोणी उरत नाही. अभ्यासकांनी ह्या साखळीचे पुष्कळ विवेचन केले आहे. मिलानमधील एखाद्या बाईला मात्र ते वाचण्याची गरज नसते. परक्या मुलाला न्हाऊ घालताना तिला ते रोज कळत असते.

मागे राहिलेल्या मुलांची कहाणी एकसारखी नसते. टेलिफोन महाग होता त्या काळी आया ध्वनिफिती पाठवीत. कॅसेटवर आवाज भरून टपालाने जाई, आणि घरी सारे भोवती बसून ती ऐकत. पुढे मोबाइल आला, चेहरा दिसू लागला. आता आई दोन हजार मैलांवरून मुलीची शिकवणी घेते, भात करपत असेल तर सांगते, सकाळी शाळेत जाण्यासाठी हाक मारून उठविते. ह्याने अंतर कमी झाले की दुःख रोजचे झाले, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्या घरात मावशी, आजी, आते खंबीर असतात तेथे मुले शिकतात आणि मार्गी लागतात. ज्या घरात बाप पैसे उडवितो तेथे आई परत येते तेव्हा ना पैसा उरलेला असतो, ना मूल ओळख देते. येथे एक अन्याय नोंदविला पाहिजे. बाप परदेशी गेला की समाज म्हणतो, तो कुटुंबाचे पोट भरतो आहे. आई गेली की तोच समाज म्हणतो, तिने मुले टाकली. पारेन्यास ह्यांनी पुढे मागे राहिलेल्या मुलांचाही अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळले की आई गेल्यावर घरातील तिचे काम बापाने क्वचितच उचलले. ते थोरल्या मुलीवर किंवा नात्यातील दुसऱ्या बाईवर गेले.

हे सारे कोकणातील माणसाला पुष्कळसे ओळखीचे वाटेल. रत्नागिरीच्या गावांतून पुरुष गिरणगावात गेले, बायका मागे राहून शेती आणि म्हातारी माणसे सांभाळीत राहिल्या, आणि पोस्टमनच्या पिशवीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर अख्खे जिल्हे जगले. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी घरी येई तो सामानाने लादलेला. फिलिपीन्समध्ये अशा परतणाऱ्याला 'बालिकबायान' म्हणतात, आणि हाँगकाँगच्या रस्त्यावर जे खोके भरले जात होते त्याचेही नाव तेच. हे खोके जहाजाने महिन्यादोन महिन्यांनी पोचते आणि ते उघडण्याचा दिवस घरात सणासारखा असतो. फरक आहे तो एवढाच की कोकणात बाप गेला आणि आई उंबऱ्यात राहिली. तेथे उंबराच ओलांडला तो आईने. गोव्यातून मुंबईस साहेबांच्या घरी आया म्हणून आलेल्या ख्रिस्ती स्त्रियांची आठवण ज्यांच्या घरी अजून निघते, त्यांना हा फरक अधिक समजेल.

सरकारचे ह्या स्त्रियांशी वागणे कसे होते? प्रथम त्याने त्यांच्या पैशावर हात ठेवला. १९८२ साली निघालेल्या एका हुकुमाने परदेशी काम करणाऱ्यांनी मिळकतीचा ठरावीक भाग सरकारमान्य बँकांमार्फत पाठविलाच पाहिजे असे ठरले. गृहसेविकांसाठी हा भाग निम्मा होता. न पाठविणाऱ्याच्या पारपत्राचे नूतनीकरण अडविण्याची तरतूद होती. हाँगकाँगमधील मोलकरणी ह्याविरुद्ध १९८४ साली संघटित झाल्या, आणि दुसऱ्याच वर्षी शिक्षेची तरतूद मागे घ्यावी लागली. रविवारखेरीज एकत्र येण्यास ज्यांना वेळ नव्हता, अशा बायकांनी एका हुकूमशहाच्या सरकारला नमविले, ही गोष्ट जगाच्या इतिहासात फारशी नोंदली गेलेली नाही. नंतर सरकारने सूर बदलला. १९८८ साली राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो हाँगकाँगला आल्या, आणि जमलेल्या गृहसेविकांना त्यांनी 'बागोंग बायानी', म्हणजे नव्या वीरांगना, असे संबोधिले. त्याच वर्षी त्यांच्याच सरकारने छळाच्या तक्रारी वाढल्या म्हणून गृहसेविकांना परदेशी पाठविण्यावर बंदीही घातली, आणि पुढे ती एकेका देशापुरती उठवीत नेली. हा शब्द मात्र टिकला. वीरांगना म्हटले की तिच्याकडून त्यागाची अपेक्षा करता येते, आणि वेतनाची चर्चा मागे पडते.

ह्या गौरवाची परीक्षा १९९५ साली झाली. सिंगापुरात १९९१ च्या मे महिन्यात डेलिया मागा ही फिलिपिनो गृहसेविका आणि ती सांभाळीत असलेला लहान मुलगा मृतावस्थेत सापडले. फ्लोर कोंतेम्प्लासियोन ह्या तिच्या मैत्रिणीवर, तीही तेथे घरकामच करीत होती, खुनाचा आरोप ठेवण्यात आला. तिने कबुलीजबाब दिला होता. शेवटच्या काही आठवड्यांत तिच्या निर्दोषपणाविषयी नवे साक्षीदार पुढे आले. सिंगापूरने ते ग्राह्य मानले नाहीत. राष्ट्राध्यक्ष फिडेल रामोस ह्यांनी दयेची विनंती केली. १७ मार्च १९९५ रोजी पहाटे तिला फाशी देण्यात आली. ती चार मुलांची आई होती. तिचे शव मनिलास आले तेव्हा जनक्षोभाला पारावार राहिला नाही. राजदूताला परत बोलाविण्यात आले, परराष्ट्रमंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढे बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत सिंगापूरच्या निष्कर्षालाच पुष्टी मिळाली, आणि दोन्ही देशांचे संबंध पूर्ववत झाले. पण लोक रस्त्यावर आले ते केवळ ती निरपराध होती म्हणून नव्हे. आपल्या घरातील बाई परक्या देशात चार वर्षे तुरुंगात होती, आणि आपल्या वकिलातीने तिच्याकडे वेळीच लक्ष दिले नाही, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही. प्रत्येक गल्लीत परदेशी गेलेली एखादी फ्लोर होती.

त्या क्षोभातून त्याच वर्षी जूनमध्ये स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. वकिलातींत कामगारांसाठी अधिकारी नेमणे, कायद्याची मदत देणे, फसविणाऱ्या दलालांना शिक्षा करणे अशा अनेक चांगल्या तरतुदी त्यात आहेत. प्रारंभीच्या भागात एक तत्त्वही सांगितलेले आहे: आर्थिक वाढ टिकविण्याचे साधन म्हणून राज्य परदेशी नोकरीला उत्तेजन देत नाही. कायद्याच्या भाषेची ज्यांना सवय आहे त्यांना ह्या वाक्याचे मोल कळेल, आणि त्यातील विसंगतीही. कारण २०२४ साली परदेशातील फिलिपिनोंनी देशात ३८ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली; देशांतर्गत उत्पादनाच्या शेकडा आठांहून अधिक भरेल एवढी. २०२१ च्या अखेरीस ह्या कामासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन करण्याचा कायदा झाला. ज्या गोष्टीला राज्य उत्तेजन देत नाही, तिच्यासाठी मंत्रालय लागावे हे चमत्कारिक आहे. पण ते नसते तर ह्या बायकांना विचारणारे कोणीच नसते, हेही तितकेच खरे.

प्रशासनापुढील पेच येथे आहे. २००६ साली फिलिपीन्सने गृहसेविकांसाठी महिना किमान ४०० डॉलर वेतन, जाण्यापूर्वी सक्तीचे प्रशिक्षण आणि दलालाने तिच्याकडून नोकरी लावण्याचे शुल्क न घेणे असे नियम केले. नियम उत्तम होते. दलालांनी शुल्काचे नाव बदलून प्रशिक्षणाचा खर्च असे ठेवले, आणि बाई विमानात बसण्यापूर्वीच सावकाराची देणेकरी झाली. २०१८ च्या फेब्रुवारीत कुवेतमधील एका रिकाम्या घरात, शीतपेटीत, एका फिलिपिनो गृहसेविकेचे प्रेत सापडले. ते वर्षाहून अधिक काळ तेथे होते. फिलिपीन्सने कुवेतला माणसे पाठविणे थांबविले. मे महिन्यात दोन्ही देशांचा करार झाला. मालकाने पारपत्र काढून घेऊ नये, मोबाइल वापरू द्यावा, जेवण आणि निवारा द्यावा, असे त्यात लिहावे लागले. करारात जे लिहावे लागते, त्यावरून काय घडत होते ते कळते. बंदीने जाणाऱ्या बायका थांबतात असेही नाही. त्या पर्यटक म्हणून, दुसऱ्या देशाच्या मार्गाने, खोट्या वयाच्या पारपत्रावर जातात, आणि मग त्यांची नोंदच कोठे राहत नाही. आपल्याकडेही कमी शिकलेल्या, तीस वर्षांखालील स्त्रीने घरकामासाठी आखाती देशांत जाऊ नये असा नियम आहे. त्याचा हेतू चांगला आहे. परंतु ज्या घरात चूल पेटत नाही, तेथे नियमाचा कागद फार वेळ अडसर होत नाही.

ह्या अडाणी वाटांवर काय होते ह्याचे एक उदाहरण जगाने पाहिले. मेरी जेन वेलोसो ही दोन मुलांची आई दुबईत घरकाम करून आली होती. पुन्हा परदेशी काम मिळेल ह्या आशेने ती निघाली, आणि २०१० साली इंडोनेशियात तिच्या पेटीत अंमली पदार्थ सापडले. पेटी आपल्याला दुसऱ्याने दिली, असे ती सांगत राहिली. तिला मृत्युदंड झाला. २०१५ च्या एप्रिलमध्ये इतरांना गोळ्या घालण्यात आल्या. तिची शिक्षा अगदी अखेरच्या घटकेला थांबली. २०२४ च्या डिसेंबरात ती मायदेशी परत आली. ती गेली तेव्हा तिची मुले लहान होती.

परिचारिकांचे आयुष्य ह्या मानाने सुरक्षित, आणि त्यांना मानही मिळतो. २००० नंतरच्या काही वर्षांत तर फिलिपिनो डॉक्टरांनीही पुन्हा परिचर्येचे शिक्षण घेतले, कारण परिचारिकेला अमेरिका बोलावीत होती. पण त्यांच्या कामाचे खरे स्वरूप दिसले ते कोरोनाच्या साथीत. अमेरिकेतील परिचारिकांत फिलिपिनो शंभरांमागे चारच. तेथील परिचारिकांच्या संघटनेने २०२० च्या सप्टेंबरपर्यंत मृत्युमुखी पडलेल्या परिचारिकांची मोजदाद केली, तेव्हा त्यांत जवळजवळ एकतृतीयांश फिलिपिनो निघाल्या. अतिदक्षता विभागात, रुग्णाच्या उशाशी, त्याच अधिक होत्या. ८ डिसेंबर २०२० रोजी इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे नव्वद वर्षांच्या एका वृद्धेला त्या देशातील चाचण्यांबाहेरची पहिली लस टोचली गेली. ती टोचणारी मे पार्सन्स ही परिचारिका मूळची फिलिपीन्सची. त्याच सुमारास खुद्द फिलिपीन्सच्या रुग्णालयांत परिचारिका पुरेना म्हणून सरकारने नव्याने जाणाऱ्यांवर वर्षाला पाच हजारांची मर्यादा घातली होती.

लाभ झालाच नाही, असे म्हणणे ह्या स्त्रियांच्या श्रमांचा अपमान ठरेल. त्यांच्या पैशाने घरांना पक्की छपरे आली, भावंडे पदवीधर झाली, गहाण जमिनी सुटल्या. बातांगास प्रांतातील माबिनी गावातील असंख्य माणसे इटलीत कामाला आहेत. तेथे डोंगरउतारावर इटालियन धर्तीची रंगीत घरे उभी आहेत आणि लोक त्या वस्तीला छोटी इटली म्हणतात. त्यांतील कित्येक घरांत राखणदाराखेरीज कोणी नसते. घर बांधणारी मिलानमध्ये दुसऱ्याच्या घरात राहते. घरकामगारांच्या हक्कांविषयी २०११ साली जिनिव्हात जो आंतरराष्ट्रीय करार झाला, तो मान्य करणारा फिलिपीन्स हा उरुग्वेनंतरचा दुसरा देश. आणि त्यामुळेच २०१३ साली तो करार अमलात आला. त्यासाठी जगभर ज्यांनी खटपट केली, त्यांत रविवारच्या रस्त्यावर पुठ्ठ्यावर बसणाऱ्या बायकाही होत्या.

त्याच हाँगकाँगमध्ये झायझा क्रूझ बाकानी नावाची मुलगी काम करीत होती. ती नुएव्हा विझकाया प्रांतातील. ती लहान असतानाच तिची आई परदेशी घरकामाला गेली, आणि मागे राहिलेल्या भावंडांची आते म्हणून सारा भार तिच्यावर पडला. २००६ साली, एकोणीस वर्षांची असताना, धाकट्यांच्या शिक्षणासाठी तीही हाँगकाँगला आली आणि ज्या घरी आई काम करीत होती त्याच घरी कामाला राहिली. इतकी वर्षे दूर राहिलेली आई तिला मिळाली ती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. तिने मालकिणीकडून उसने पैसे घेऊन कॅमेरा विकत घेतला आणि रविवारी रस्त्यांवर फिरून छायाचित्रे काढावयास आरंभ केला. छळामुळे घर सोडून आलेल्या गृहसेविकांसाठी तेथे बेथ्यून हाउस नावाचे आश्रयस्थान आहे. तेथे जाऊन तिने त्या बायकांची छायाचित्रे घेतली. २०१५ साली तिला न्यूयॉर्कच्या एका नामांकित छायाचित्रण प्रतिष्ठानची अभ्यासवृत्ती मिळाली आणि तिचे घरकाम सुटले. २०१८ साली तिचे पुस्तक निघाले. त्यात तिने आपल्या कुटुंबाचीही छायाचित्रे घातली आहेत: हाँगकाँगमधील आई, आणि गावी राहिलेली माणसे.